भुजंगरावाची बिनधारेची तलवार

मी तलवार बोलतेय. खरं तर मी बोलू नये, असं ठरलं होतं. मैनानं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत खुपसलं, तेव्हा माझ्या मुठीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली होती, "कोणाले सांगू नको वं बाई."

माणसं तलवारीलासुद्धा गप्प बसायला सांगतात. मी गप्प राहिले. पण आज मी मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या विंगेत एका पेटीवर पडून आहे. पुढे पेटी-तबला वाजतोय, पहिला प्रवेश चालू आहे आणि मला हाक यायला थोडा अवकाश आहे. तेवढ्यात सांगून टाकते.

मी जन्मानं तलवार नाही. मी ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावर धावणाऱ्या एका जीपच्या कमानीतला पाटा होते. माणसं आत, माणसं टपावर, माणसं मागे लटकलेली. त्या सगळ्यांचं ओझं सोसत मी खड्ड्याखड्ड्यांतून गेले. जीप भंगारात निघाली तेव्हा मला झिंगू लोहारानं उचललं. मी खुरपं झाले असते किंवा विळा. पण त्याच दिवशी मुखरू तिथे आला.

"झिंगूभाऊ, पत्र्याची तलवार डब्यावानी वाजते. मले खरी पाह्यजे. पन धार नोको लावू."

"धार नाई तं तलवार कायची?"

"मले कापाचं नाई. मले भेव दाखवाचं हाय."

झिंगूनं मला लाल केलं, ठोकलं, वाकवलं, पुन्हा ठोकलं. इतका मार मी आयुष्यात कधी खाल्ला नव्हता. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी किंचाळले. माझा तो आवाज ऐकून मुखरू खूश झाला.

मुखरू जातीचा ढिवर. उन्हाळ्या-पावसाळ्यात गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि त्याची बायको मैना मासोळ्या घेऊन बाजारात बसायची. दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि मंडई-पट म्हटलं की नाटक आलंच. मग मुखरू मासेमाराचा भुजंगराव व्हायचा. भुजंगराव म्हणजे आमच्या नाटकातला दुष्ट सरदार. काळा अंगरखा, पिळलेल्या मिशा आणि हातात मी.

त्याचा एक संवाद सगळ्या झाडीपट्टीत गाजला होता. तो मला कपाळापर्यंत उचलायचा आणि गरजायचा, "हात लावशील तर मुंडकं धडावेगळं करीन! या भुजंगरावानं आजवर कुणाला माफ केलेलं नाही!" त्यावर लेकरं रडायची आणि बाया उभं राहून त्याला शिव्या द्यायच्या, "तुह्या हाताले किडे पडो रे मेल्या!" मुखरूला त्या शिव्या फार आवडत. घरी मात्र त्याचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. मैना म्हणायची, "बाहेर मुंडकी छाटता, अन् घरी कोंबडी कापाले शेजाऱ्याले बोलावता!"

मी इतक्या लढाया लढले, पण मुखरूची खरी कला मारण्यात नव्हती, थांबण्यात होती. सगळ्या ताकदीनं यायचा वार समोरच्याच्या नरड्यापासून बोटभर अलीकडे थांबायचा. लोकांच्या अंगावर काटा यायचा, पण समोरच्या नटाला कधी ओरखडासुद्धा आला नाही.

मग तो शंकरपटातला प्रयोग झाला.

शेवटची लढाई होती. नायकाचं काम करणारा रोशन समोर होता. ठरलेलं असं की रोशन वार करतो, मी उडून पडते, भुजंगराव गुडघ्यावर येतो, रोशन लाथ मारतो आणि भुजंगराव मरतो. पण रोशननं वार करायच्या आधीच मी मुखरूच्या मुठीतून निसटले. त्याच्या बोटांत काही उरलंच नव्हतं. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा पाय दुमडला आणि तो कापलेल्या झाडासारखा त्याच अंगावर कोसळला. डोकं फळीवर आपटल्याचा आवाज झाला. ओठांतून लाळ गळू लागली.

लोक उभे राहिले. शिट्ट्या सुरू झाल्या.

"वा रे मुखरू! मराचं तं असं!"

रोशनला वाटलं, मुखरूभाऊनं आज काहीतरी नवीन काढलं. त्यानं प्रसंग पुढे नेला. त्याच्या छातीवर पाय दिला. बरगडीत लाथ मारली, मग खांद्यावर मारली. "बोल भुजंगराव! कुठे गेला तुझा माज?" आमच्या नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि नटाला त्याचे शब्द मोठ्यानं सांगत राहतो. तो बिचारा पुन्हापुन्हा सांगत होता, "मेलो! दगा! दगा झाला!" मुखरू फक्त "भ... भ..." करत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडू लागले. आमच्याकडे वन्स मोअरला नाही म्हणत नाहीत. रोशननं मुखरूच्या बगलेत हात घालून त्याला उठवून बसवलं, पुन्हा वार केला, पुन्हा पाडलं आणि पुन्हा लाथ मारली. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या खेपेला खाली वाकल्यावर त्यानं मुखरूचा डोळा पाहिला. एकच डोळा हलत होता. मग रोशन ओरडला, आणि तो आवाज नाटकातला नव्हता. "पडदा पाडा! पडदा पाडा बे!"

मुखरूच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. गावात म्हणतात लकवा मारला. दवाखान्यात लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी मैनाच्या तोंडून ऐकलं. रोशन दाराबाहेर उभा राहून ते ऐकत होता. तो आत आला नाही.

मुखरू घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात छातीशी आवळलेला होता आणि मूठ इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतून तिथे जखमा झाल्या होत्या. वाचा नव्हती. सांगणाऱ्यांनी काय काय सांगितलं! कुणी तेल दिलं. कुणी सांगितलं, कबुतर कापून गरम रक्त चोळा. मैनानं तेही केलं. अंगणात कबुतर फडफडलं, मुखरूचा खांदा लाल झाला, माशा घोंगावल्या आणि मूठ मिटलेलीच राहिली.

मुखरू खायला दिलं तर थाळी भिरकावायचा. डाव्या हातात ताकद होती. त्या हातानं त्यानं मडकी फोडली, आरसा फोडला. मी खुंटीवर होते. तो दिवसभर माझ्याकडे बघायचा. एकदा भिंतीला धरत आला, मला उतरवलं आणि मग कुणालाच देईना. म्हणून ब्रह्मपुरीच्या फिजिओथेरपी केंद्रात जायच्या दिवशी मैनानं मलाही गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, कोनाचा मर्डर कराले चालल्या?"

मी आजवर फक्त खोट्या लढाया पाहिल्या होत्या. खरी लढाई मी त्या केंद्रातल्या लांबट हॉलमध्ये पाहिली. अस्वलानं डोकं फोडलेला एक माणूस दोन दांड्यांच्या मधून एकेक पाऊल टाकत होता आणि प्रत्येक पावलाला दातओठ खात होता. मेंदूज्वरातून उठलेली एक मुलगी चेंडू पकडायला जायची आणि चेंडू सुटला की स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारायची. तिथे हळू कुणी रडत नाही.

केंद्रातल्या भाग्यश्री मॅडम उंचीला लहान, पण हातांना जोर. त्यांनी मुखरूचं मनगट धरलं आणि त्याची बोटं एकेक करून हळूहळू सरळ करायला घेतली. मुखरू बोंबलला. डाव्या हातानं त्यानं त्यांची वेणी पकडली आणि अशी ओढली, की त्यांची मान वाकडी झाली.

"मैनाताई," मॅडम वाकड्या मानेनंच म्हणाल्या, "आधी वेणी सोडवा, मग घाबरा."

आणि त्याच क्षणी मुखरू गरजला, "हात लावशील तर मुंडकं धडावेगळं करीन! या भुजंगरावानं आजवर कुणाला माफ केलेलं नाही!"

एकही अक्षर अडलं नाही. मैना रडायला लागली. "वाचा आली, मॅडम! वाचा आली!"

"मुखरूभाऊ, नाव काय तुमचं?" मॅडमनी विचारलं.

मुखरूचे ओठ हलले. शब्द आला नाही.

"ह्या कोण?" मॅडमनी मैनाकडे बोट केलं.

त्यानं मैनाकडे पाहिलं. तो तिला ओळखत होता, हे कुणालाही कळलं असतं. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या आणि शेवटी तोंडातून निघालं, "मुंडकं धडावेगळं करीन!"

मग मॅडमनी समजावलं. पाठ केलेले शब्द आणि रागाचे शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. ती वाट शाबूत आहे. आपल्या मनातलं जुळवून बोलायची वाट तुटली आहे. "जी वाट उघडी आहे तिनंच आत शिरू," त्या म्हणाल्या आणि गोणपाटाकडे बघून हसल्या. "यात काय आहे, ते मला कळलं. काढा बाहेर."

असं माझं नवं काम सुरू झालं. कापडाच्या पट्टीनं मला मुखरूच्या उजव्या हाताला बांधायचे. हात जड, मीही जड. पण त्या हातानं मला वर्षानुवर्षं उचललं होतं. चमचा उचलायला तयार नसलेला खांदा माझ्यासाठी थोडासा हलायचा.

भुजंगरावाला पडायला छान येत होतं, पण पडल्यावर उठायचं कसं, हे नाटकात कधी लागलंच नव्हतं. मॅडमनी तेही शिकवलं. गादीवर पाडायचं, कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, गुडघा घ्यायचा. दर वेळी तो शिव्यांसारखा संवाद म्हणायचा.

गावात गंमत झाली. आमच्या गावची बोली झाडीची, आणि मुखरू आता फक्त नाटकातलं बोलायचा. शेजारी म्हणायचे, "लकवा मारला अन् मुखरू शुद्ध बोलाले लागला!" चहा दिला तर "मुंडकं छाटीन." नातेवाईक भेटायला आले तर "कुणाला माफ केलेलं नाही." एक म्हातारी तर पिशवी तिथेच टाकून पळाली.

मैनानं मग आपलीच एक युक्ती काढली. तोंडासमोर विचारलं की मुखरूला शब्द सापडत नाही, पण जन्मभर त्यानं बाजूनं सांगितलेले शब्द उचलले आहेत. ती दाराआड उभी राहायची आणि प्रॉम्प्टरसारखी म्हणायची, "पाणी पाहिजे." मुखरू छाती फुगवून गरजायचा, "पाणी पाहिजे!" अख्ख्या आळीला कळायचं, मुखरूला तहान लागली. पण ती सांगेल तेवढंच तो बोलायचा. आपणहून एक शब्द नाही.

आता मला सांगू नको म्हटलेली गोष्ट सांगते.

दुपार होती. मुखरूला काहीतरी हवं होतं. मैना दाराआडून एकेक शब्द सांगत होती. "भूक लागली?" नाही. "बाहेर जाऊ?" नाही. "पाठ खाजवते?" नाही. त्याचा चेहरा लाल होत गेला. डावा हात खाटेवर आपटू लागला. त्याला काय हवं होतं, ते मलाही कधी कळलं नाही. मैना दमली होती. सकाळी बाजार, मग केंद्र, मग स्वयंपाक. ती समोर आली आणि म्हणाली, "मंग सांगा ना तुमीच! मले का देव सांगते?"

मुखरूनं डाव्या हातानं मला उचललं.

मी त्याच्या हातात असताना कधी घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले. वार आला तो सरळ, पूर्ण ताकदीनं आला, आणि बोटभर अलीकडे थांबला नाही. मैनाच्या डाव्या भुवईच्या वर मी आदळले. हाडाचा आवाज मला माझ्या पात्यात ऐकू आला. ती खाली बसली. रक्त डोळ्यात गेलं, गालावर आलं, पदरावर आलं. मुखरूनं पुन्हा हात उचलला. दुसरा वार तिनं कोपरावर घेतला. तिसरा भिंतीवर बसला, पोपडे उडाले आणि मी त्याच्या हातातून सुटले.

मला धार असती तर हे सांगायला काही उरलं नसतं.

मुखरू तसाच उभा होता. "भुजंगरावानं... भुजंगरावानं..." एवढंच म्हणत होता. मैनानं मला धुतलं, लुगड्यात गुंडाळलं आणि ढोलीत टाकलं. दवाखान्यात टाके घालताना तिनं सांगितलं, तलावाच्या पाळीवर घसरले. शेजाऱ्यांनी तर विचारलंही नाही. तेच म्हणाले, "पडली असशीन वं." तिनं मान हलवली.

ढोलीच्या कामट्यांमधून मला सगळं ऐकू यायचं, थोडंफार दिसायचंही. दोन दिवस केंद्रात गेले नाहीत म्हणून भाग्यश्री मॅडम स्कूटीवरून घरी आल्या.

"मैनाताई, हे कशानं?"

"घसरली, मॅडम. दगड लागला."

"दगडाची जखम इतकी सरळ नसते."

मग मैना रडली आणि तिनं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "मेंदूला इजा झाली की राग आवरणारा ब्रेकही कधीकधी निकामी होतो. त्यावर औषध असतं, मी डॉक्टरांशी बोलते. पण एक ऐका. मार खाणं हा काही त्यांच्या उपचाराचा भाग नाही. आजपासून घरात त्यांच्याबरोबर एकटीनं राहायचं नाही. कोण आहे तुमचं?"

मैनाचा भाऊ राजदीप चिमूरला असतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. बहिणीचं कपाळ पाहिलं आणि सरळ मुखरूची कॉलर धरून त्याला खाटेवरून उचललं. मुखरूनं डोळे वटारले. "या भुजंगरावानं आजवर—" राजदीपनं त्याच्या थोबाडीत मारली. चांगलीच बसली, मला आवाज आला. मैना मध्ये घुसली.

"सोड त्याईले! त्याईनंबी मारलं अन् तूबी मारलं, मंग फरक काय रायला?"

"हा तुले जिवानिशी मारन बाई! भर सामान. चाल चिमूरले."

मैनानं सामान भरलं. पिशवीची चेन लावल्याचं मी ऐकलं. मग ती म्हणाली, "मंडईपर्यंत थांब. मॅडम म्हनते, हात उचलाले शिकला, आता थांबाले शिकवू. मंडईपर्यंत त्याईचा हात आपल्या मनानं थांबला तं पाहू. नाई तं मी तुह्यासंग येईन, अन् वापस नाई येनार." हे तिनं मुखरूसमोरच सांगितलं, एकेक शब्द सावकाश. त्याला समजत होतं. तो जमिनीकडे बघत होता.

राजदीप तिथेच राहिला. दोघांच्या खाटांमध्ये आपली चटई टाकून झोपू लागला.

थांबण्याचं शिक्षण सुरू झालं. औषधानं मुखरूचे झटके कमी झाले होते. आधी माझी गरज नव्हती, बांबूची हलकी काठी होती. अंगणातल्या मांडवाला राजदीप दुधी भोपळा टांगायचा. मुखरूनं वार करायचा आणि भोपळ्याला न लागता थांबायचं. वार पोहोचेल तिथे कुणी उभं राहायचं नाही, हा मॅडमचा नियम.

पहिले कित्येक आठवडे अंगणात भोपळ्यांची कत्तल झाली. फट्! की गर उडायचा, बिया भिंतीला चिकटायच्या आणि कोंबड्या धावायच्या. राजदीप म्हणायचा, "भाऊजी, याले तरी माफ करा, ही आजची भाजी होय!"

मैना दाराआडून सांगायची, "थांबा!" हळूहळू त्या शब्दावर काठी थांबू लागली. भोपळे वाचू लागले. आळीतले लोक खूश झाले, पण मॅडम खूश नव्हत्या.

"तुमच्या सांगण्यावर थांबतात," त्या मैनाला म्हणाल्या. "तुम्ही दाराआड नसाल तेव्हा?"

मग मैनानं सांगणं बंद केलं. पुन्हा भोपळे फुटू लागले. मुखरू चिडून काठी फेकायचा, राजदीप ती उचलून द्यायचा. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा कुठे एक भोपळा कुणी न सांगता वाचला. मग आणखी एक. मग पुन्हा एक फुटला. असं चाललं. धान पिवळं पडलं तेव्हा मला ढोलीतून काढलं आणि मुखरूच्या उजव्या हातात दिलं. त्या हाताला आता मूठ मिटता आणि थोडी उघडता येत होती.

मंडई जवळ आली होती. एका सकाळी सगळे अंगणात होते. मॅडम, मैना, राजदीप. तेवढ्यात फाटकातून रोशन आला. त्या प्रयोगानंतर पहिल्यांदाच आत. दाढी वाढलेली. तो कुणाशी काही बोलला नाही. मांडवाखाली गेला, भोपळा सोडून खाली ठेवला आणि त्या जागी स्वतः मान पुढे करून उभा राहिला.

"मुखरूभाऊ, मारा. तुमी पडून होते अन् मी लाता मारून राह्यलो होतो. मारा मले."

"बाजूला व्हा!" मॅडम ओरडल्या. "डोकं फिरलं काय तुमचं?"

पण मी उचलली गेले होते. मुखरूच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखते. त्या दुपारचाच राग. त्याला सगळं आठवत होतं. खालून दिसलेला तो पाय, त्या लाथा, त्या टाळ्या. त्याचे ओठ उघडले, "मुंडकं..." आणि वार सुटला. मी हवा कापत गेले. रोशननं डोळे मिटले. राजदीप धावला, पण तो पोहोचणार नव्हता.

मी थांबले.

रोशनच्या नरड्याची शीर माझ्या पात्याशेजारी उडत होती, बोटभर पलीकडे. दाराआड कुणी नव्हतं. मला मुखरूनं थांबवलं होतं.

पण थांबवण्यातच त्या हाताची सगळी ताकद संपली. बोटं सुटली आणि मी सरळ खाली, टोकावर, रोशनच्या पायाच्या अंगठ्यावर पडले.

"आई गं! मेलो!" रोशन एका पायावर अंगणभर नाचायला लागला. कोंबड्या उडाल्या. "नरडं वाचलं पन आंगठा फुटला ना बापा!"

राजदीपला हसू आवरेना. मॅडम त्याला रागावता रागावता हसल्या. मैनाही हसली, कितीतरी महिन्यांनी. मुखरूचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, तोही हसत होता. हसत हसत त्यानं मैनाकडे पाहिलं. तिच्या भुवईवरची ती सरळ रेष हसताना उठून दिसत होती. मुखरूचं हसू थांबलं.

"लागलं काय वं?" तो म्हणाला.

"लागलं तं!" रोशन अंगठा धरून कण्हला. "रगत पाहा ना, भाऊ!"

पण मुखरू त्याच्याकडे बघत नव्हता. आणि ते शब्द भुजंगरावाचे नव्हते, ते कुणी सांगितलेले नव्हते. ती आमच्या झाडीची बोली होती.

मैनाचं हसू गेलं. ती मुखरूच्या समोर आली, पण हाताच्या अंतराबाहेरच उभी राहिली.

"हाव," ती म्हणाली. "लई लागलं."

मुखरूचे ओठ हलू लागले. घाम फुटला. मॅडम पुढे व्हायला गेल्या, तर मैनानं हातानं थांबवलं. तिला तो शब्द नक्की ठाऊक असणार. तिनं सांगितला असता तर त्यानं लगेच म्हटला असता. तिनं सांगितला नाही. ती वाट बघत उभी राहिली.

"मी... मीनं," मुखरू म्हणाला. "मीनं मारलं."

"हाव. तुमीनं."

तिनं त्याला जवळ घेतलं नाही. डोळेही पुसले नाहीत. खाली वाकून मला उचललं आणि आत घेऊन गेली. राजदीप मागोमाग आला. "मंग बाई? चिमूरचं काय?"

"बॅग भरलेलीच राहू दे. आज नाई येत. पन पुन्हा हात उचलला तं तुले फोनबी नाई करनार, सरळ गाडीत बसून येईन." मग ती म्हणाली, "अन् तलवार आता माह्यापाशी राहीन."

तेव्हापासून मी तिच्यापाशीच आहे. आज मंडई आहे. मुखरूला एकच प्रवेश दिलाय, बसून करायचा, शेवटी फक्त एक वार. प्रॉम्प्टर म्हणून नाटक मंडळानं मैनालाच बसवलंय. ती माझ्या शेजारीच आहे, भुवईवरची खूण तिनं पावडरनं झाकलेली नाही. समोर माणसांचा समुद्र आहे आणि बाया आत्तापासूनच भुजंगरावाच्या नावानं बोटं मोडतायत. रोशन आज जाड बूट घालून आलाय. तरीही तो सारखा माझ्याकडे बघतोय. मला धार लावू नका, एवढंच मी त्याच्या वतीनं मंडळाला सांगेन. वार आज थांबेल का, ते मला माहीत नाही. मुखरूला तरी कुठे माहीत आहे? तो खुर्चीवर बसून उजवी मूठ उघडतोय, मिटतोय, उघडतोय.

तुम्हा ऐकणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. रंगमंचावर माणूस वेगळाच पडला तर टाळ्या थांबवून आधी पडदा पाडा. आणि एखादीच्या कपाळावर अशी सरळ जखम दिसली तर "पडली असशीन" असं आपणच म्हणून मोकळे होऊ नका. तिला विचारा. ती घसरले म्हणेल, तरी बसून राहा. आणि ती खरं बोलायला लागली, तर कृपा करून तिला मध्येच—

"मैनाबाई! तलवार कुठी हाय? आना लवकर, पडदा उघडून राह्यला!"